पाळण्याचा हूक

गोव्यात फ्लॅट चौरस मीटरमध्ये विकतात. आमचा ५२ चौरस मीटरचा. पुण्याच्या मावसभावाला मी हाच आकडा फुटांत सांगतो, साडेपाचशेच्या वर, म्हणजे जरा घर असल्यासारखं वाटतं. नवं बाळ साधारण ५० सेंटिमीटर लांब असतं असं कळल्यावर मी मनातल्या मनात हिशेब करून निर्धास्त झालो होतो. शाळेतही गणिताच्या पेपरला मी असाच निर्धास्त जायचो.

बायकोची तारीख जुलैची निघाली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सावंतवाडीला व्हायचं. पण भर पावसात प्रवास नको, आणि इस्पितळ इथे म्हापशात घरापासून पाच मिनिटांवर, म्हणून माहेरच इकडे आलं. सासूबाईंसोबत बाळंतशेपा, वावडिंग, डिंक, आळीव, शेकशेगडी, अर्धं पोतं कोळसा आणि जुन्या सुती लुगड्यांचं गाठोडं. लंगोट जुन्याच कापडाचे हवेत, नवं कापड टोचतं. दिवसाला दहा-बारा तरी लागणार. त्यात जुलैत गोव्यात कपडा वाळत नाही, त्याला फक्त वास येतो. म्हणून सगळं तिप्पट.

ठेवायचं कुठे? पलंगाखाली आईचं पुरुमेत होतं. पावसाळ्याची ही बेगमी ती मे महिन्यातच भरते: उकडा तांदूळ, सोलां, मिरच्या, मातीत घोळवलेल्या आठळ्या आणि सुकी मासळी. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, तेव्हा ताजी मासळी मिळाली तर नशीब. पोर्तुगीज १९६१ साली गेले, त्यांचा 'पुरुमेत' हा शब्द मात्र आमच्या पलंगाखाली राहिला. खाऱ्या बांगड्याच्या वासासकट.

दोन्ही विहीणबाई एकमेकींशी अतिशय गोड. एकीनं दुसरीच्या डब्याला हात लावला नाही. दोघींनी मिळून माझं सामान हलवलं. "ती पेटी हलवायला हवी रे," आई म्हणाली. मला वाटलं, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची. संध्याकाळी येऊन पाहतो तर माझी हार्मोनियम शेजाऱ्यांकडे गेलेली. तिच्या जागी कोळसा. डॉक्टरीणबाईंनी बंद खोलीत धूर नको म्हणून बजावलं तेव्हा शेगडी बाल्कनीत गेली आणि बाल्कनीतली माझी खुर्ची जिन्यात.

मग पाळणा. डिचोलीच्या घरातला, फणसाच्या लाकडाचा. माझे वडील, आत्या, मी, सगळे त्यातलेच. तो टेम्पोतून आला, जिन्याच्या वळणावर अडकला, दोन मजल्यांच्या सल्ल्यानं सुटला. जुन्या घरात पाळणा वाश्याला टांगायचे. फ्लॅटला वासा कुठला? ड्रिलवाला आला, स्लॅबकडे बराच वेळ बघून म्हणाला, "हूक बसेल हो, पण वरच्यांना सांगून ठेवलंय ना?" सांगितलं नव्हतं. दहा मिनिटांत वरचे काका स्वतःच खाली आले, हूक त्यांच्या हॉलमध्ये निघाला नाही ना, याची खात्री करून चहा घेऊन गेले. हूक बसला. मी त्याला लोंबकळून दाखवलं. बायकोनं डोळे मिटून घेतले.

आता पाळणा टांगणार, तोच दोन्ही विहिणी एका सुरात: "बाळ यायच्या आधी? आणि रिकामा पाळणा हलला म्हणजे?" एवढं एकमत मी आमच्या सोसायटीच्या सभेत कधी पाहिलं नाही. पाळणा सोफ्यावर बसला. सोफ्यावर झोपणारा मी सोफ्याखाली.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर हुकाला कांद्याच्या चार माळा. स्वयंपाकघरात ओल लागून कांदे कुजत होते म्हणे, आणि इथे पंख्याचा वारा. आई म्हणाली, "रिकामा हूकही बरा दिसत नाही." त्यानंतर तीन आठवडे आम्ही टीव्ही त्या माळांच्या फटीतून पाहिला.

एका पहाटे, लाईट गेलेली, पाऊस कोसळतोय, बायको आणि सासूबाई इस्पितळात. दाराबाहेर बसण्यापलीकडे माझा उपयोग नाही म्हणून मला कपडे आणायला घरी पिटाळलेलं. तेवढ्यात फोन आला. मुलगी. तीन किलोला थोडी कमी. मी मोबाईलच्या उजेडात स्टुलावर चढलो आणि माळा सोडायला घेतल्या. एक तुटली. कांदे पलंगाखाली पुरुमेतात मिसळले. आई देवापुढे साखर ठेवता ठेवता ओरडली, "पुता, आधी पोरीला बघून तरी ये!"

इस्पितळात पोचलो. बायकोनं पोरगी माझ्या हातात दिली, नाक मुरडलं आणि विचारलं, "कांदे काढलेस?"