मधल्या खोलीतून बाथर्स्ट

स्ट्रीट सर्किटवर शर्यत घ्यायची म्हणजे गाडी, टायर, ड्रायव्हर हे सगळं नंतरचं. पहिलं काम रस्ता बंद करण्याचं. मोनॅकोत 1929 पासून आणि मकावमध्ये 1954 पासून लोक हेच करत आलेत. ऑस्ट्रेलियात बाथर्स्ट गावाला लागून माउंट पॅनोरमा नावाचा डोंगर आहे. त्याच्यावरचा 6.213 किलोमीटरचा गोल रस्ता एरवी साधा सार्वजनिक रस्ता असतो. ताशी 60 ची मर्यादा, दोन्ही बाजूंनी वाहतूक, कडेला घरं, द्राक्षांचे मळे. शर्यतीच्या वेळी तोच रस्ता बंद होतो आणि त्यावरून गाड्या अडीचशेच्या वर सुटतात. कडेच्या कित्येक घरांना बाहेर पडायला दुसरी वाटच नाही. त्या घरांतल्या म्हाताऱ्यांची समजूत कोण घालत असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी कम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळतो. आमच्या लीगनं बारा तासांच्या ऑनलाइन शर्यतीसाठी नेमकं हेच सर्किट जाहीर केलं आणि तो प्रश्न मला घरीच सोडवायला लागला.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या अलीकडे. घर जुन्या पद्धतीचं, एका रेषेत. समोर ओसरी, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, मागं आंगण, आणि आंगणात न्हाणी, संडास, कोठा. कम्प्युटर मधल्या खोलीत, कारण इन्व्हर्टर मधल्या खोलीत. म्हणजे गायीला चारा न्यायचा तर माझ्या खुर्चीमागून. पाहुण्याला हात धुवायचे तर माझ्या खुर्चीमागून. शेजारच्या काकू विरजण मागायला येतात त्या समोरून येतात आणि गप्पा मारत मागच्या दारानं जातात, तेही माझ्या खुर्चीमागूनच. माउंट पॅनोरमावर 23 वळणं आहेत. आमच्या मधल्या खोलीत एकच दार समोर, एकच मागं, पण वाहतूक जास्त.

सामान म्हणाल तर एक सेकंडहँड स्टिअरिंग आणि तीन पायडल. स्टिअरिंग आवळून बसवलंय ते आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर, कारण घरात तेवढं एकच टेबल हलत नाही. आईला ब्लाउज शिवायचा असला की माझी गॅरेज रिकामी. मशीनला खाली तिचं स्वतःचं पायडल आहेच. त्यामुळं आजीची पक्की समजूत आहे की मी शिवणकाम शिकतोय आणि मला ते काही केल्या जमत नाहीये.

खरी पंचाईत खुर्चीची. ती चाकांची आहे. कॉनरॉड स्ट्रेट हा माउंट पॅनोरमावरचा जवळपास दोन किलोमीटरचा सरळ उतार. त्याच्या शेवटाला चेस नावाची वळणं. तिथं सगळ्या ताकदीनं ब्रेक दाबावा लागतो. मी दाबला की गाडी थांबायची नाही, खुर्ची मागं जायची, थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. आई म्हणायची, "आला काय जेवाले?"

उपाय सापडला. खुर्चीमागं तुरीची चुंगडी. बाबांनी मागच्या हंगामातली थोडी तूर भावाची वाट पाहत ठेवली होती, त्यातलं एक भरलेलं पोतं मी भिंत आणि खुर्ची यांच्यामध्ये ठोकून बसवलं. ब्रेकिंग एकदम नागपूरच्या रस्त्यासारखं पक्कं झालं. टाइम सुधारला. टीममध्ये माझ्याबद्दल आदरानं बोललं जाऊ लागलं. आणि नवी तूर बाजारात यायच्या आधी जुन्या तुरीचा भाव जरा वर सरकला. बाबांनी एका सकाळी चुंगडी उचलली, ऑटोत टाकली आणि आर्णीला नेली. त्या रात्रीच्या सरावात मी चेसमधून सरळ वाळूत. टीमनं विचारलं, सेटअप बदललास का? काय सांगणार? माझा ब्रेक बॅलन्स मार्केट यार्डात गेलाय.

तुरीच्या जागी ढेपेचं पोतं लावलं. ढेप गाय खाते. रोज खाते. त्यामुळं पोतं रोज थोडं खाली बसायचं, खुर्ची रोज थोडी मागं सरकायची आणि माझा ब्रेकिंग पॉइंट रोज थोडा आधी घ्यावा लागायचा. आमच्या टीममधला पुणेकर सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो सगळ्यांचे आकडे शीटमध्ये भरतो. त्यानं आलेख दाखवून सांगितलं की तुझी कामगिरी एकसारख्या वेगानं घसरतेय, याच्यामागं काहीतरी पद्धतशीर कारण असणार. कारण कोठ्यात रवंथ करत होतं.

मग लाइन. आमच्याकडं वीज जात नाही, लाइन जाते. तिला कुठं जायचं असतं, कधी परत यायचं असतं, हे ती सांगत नाही. इन्व्हर्टरच्या मागं एक छोटं बटण असतं, नॉर्मल आणि यूपीएस असं लिहिलेलं. ते वर्षानुवर्षं नॉर्मलवर असतं, कारण पंख्याला फरक पडत नाही. लाइन गेल्यावर बॅटरीवर यायला इन्व्हर्टर जो क्षणभर घेतो, तेवढ्यात पंखा थांबत नाही, पण कम्प्युटर मान टाकतो. ते बटण यूपीएसवर सरकवायचं एवढंच काम. गावातल्या वायरमनला हे माहीत होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं.

बॅटरी दीडशे अ‍ॅम्पिअर-तासांची. बारा व्होल्टनं गुणलं की कागदावर 1800 वॅट-तास. कम्प्युटर आणि पडदा मिळून शर्यतीत चारशेच्या आसपास खातात. जुनी बॅटरी, इन्व्हर्टरचा कर, हे सगळं वजा करता दोन-अडीच तास, तेही घरात दुसरं काही सुरू नसेल तर. म्हणून ठराव मांडला की शर्यतीच्या दिवशी लाइन गेली तर टीव्ही बंद, पंखा बंद. आई म्हणाली, "मालिका बंद अन् तुही गाडी सुरू, व्हय ना?" ठराव दुरुस्त्यांसह मंजूर झाला. मालिका मोबाइलवर, डेटा माझा.

अर्थिंगचं वेगळं. फेब्रुवारीत जमीन सुकते, अर्थिंग ढिलं पडतं आणि स्टिअरिंगच्या लोखंडी भागाला हात लागला की झिणझिण्या येतात. घरामागं जिथं अर्थिंगचा रॉड गाडलाय तिथं मीठ टाकून रोज बादलीभर पाणी ओतायला लागतं. आजी ते पाहून गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिथं हळदकुंकू वाहिलेलं दिसलं.

नेटबद्दल फार बोलत नाही. फायबर खांबावरून येतं, खांबावरून वानरंही येतात. पाइपलाइनसाठी जेसीबी नाली खोदतो ती नेमकी केबलवरून. एवढंच समाधान की हे मोठ्यांनाही चुकत नाही. 2023 च्या व्हर्च्युअल ल माँ 24 तासांच्या शर्यतीत, म्हणजे फ्रान्समधल्या प्रसिद्ध शर्यतीच्या कम्प्युटरवरच्या आवृत्तीत, फॉर्म्युला वनचा विश्वविजेता मॅक्स व्हर्स्टॅपन आघाडीवर होता आणि सर्व्हरशी असलेला संबंधच तुटला. फेऱ्या गेल्या, शर्यत सोडावी लागली, आणि तो इतका वैतागला की खेळच कम्प्युटरवरून काढून टाकण्याची भाषा केली. हे मी घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "त्याच्याकडं बी वानरं हाय काय?"

बाबांना सुरुवातीला या प्रकरणात रस नव्हता. एकदा मी हेडसेट लावून टीमशी पेट्रोलचा हिशेब करत होतो. आमची जीटी3 गाडी, म्हणजे शर्यतीसाठी तयार केलेली स्पोर्ट्स कार, फेरीला तीन लिटरच्या आसपास पिते. बारा तासांत किती थांबे, प्रत्येक थांब्याला किती भरायचं, शेवटच्या थांब्याला कमी भरून गाडी हलकी ठेवायची का, असा सगळा खल. बाबा दारात येऊन उभे.

"तीन लिटर? कितीक रस्त्याले?"

"सहा किलोमीटरला."

"सहा किलोमीटरले तीन लिटर!" ते खाटेवर बसले. "ट्रॅक्टर परवडते लेका. अन् जितला तं काय भेटते?"

"पैसे नाही. यादीत नाव येते, बाबा."

"यादीत तं माहं बी नाव येते. नुकसानभरपाईच्या."

पण कांगारूंचा विषय निघाला आणि त्यांचा सूर बदलला. खऱ्या माउंट पॅनोरमावर कांगारू ट्रॅकवर येतात, गाड्यांना धडकल्याच्या घटनाही आहेत, असं मी सांगितलं. आमच्याकडं रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर. रात्रभर जागली करूनही हरभऱ्याचं काय होतं ते बाबांना विचारा. त्यांनी पहिल्यांदा पडद्याजवळ खुर्ची ओढली आणि डोंगराच्या माथ्यावरचा सगळा भाग नीट पाहिला. मॅकफिलामी पार्क, स्कायलाइन, डिपर. दोन्ही बाजूंना सिमेंटची भिंत, चढउतार 174 मीटरचा, गाडी भिंतीपासून वीतभर.

"कुंपण तं चांगलं हाय. मंग जनावर कुठून घुसते? झटका मशीन लावत नाही काय हे?"

त्या दिवसापासून ते सरावाच्या वेळी अधूनमधून येऊन डोकावतात. मी भिंतीला घासलो की "काहून?" एवढंच विचारतात. आजीचं मत मात्र कायम आहे. फेरी संपून गाडी पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर आली की ती म्हणते, "एवढा फिरून बी तिथंच येते, मंग गेला कायले?" एन्ड्युरन्स रेसिंगवर, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या शर्यतींवर, एवढी नेमकी टीका मी कुठं ऐकली नाही.

आता रस्ता बंद करण्याचं. शर्यत शनिवारी दुपारी बारा ते रात्री बारा. मी मधल्या खोलीच्या दोन्ही दारांना सुतळी बांधायचं ठरवलं. गायीचा चारा सकाळीच मागं नेऊन ठेवायचा. पाहुणे आले तर घराला वळसा घालून बोळीतून मागं यायचं. काकूंना विरजण शुक्रवारीच पोचवायचं. आजीला मात्र कुठलंही बंधन नाही. तिला संडासाला जायचं असलं की सुतळी वर, आणि मी सरळ रस्त्यावर असलो तर बरं, डिपरमध्ये असलो तर माझं नशीब. सगळ्यांनी मान डोलावली. आमच्या घरात सगळ्यांनी एकदम मान डोलावली की समजायचं, कुणीच ऐकलं नाही.

टीममध्ये चौघं. पुणेकर, एक कोल्हापूरचा, एक नागपूरचा आणि मी. बारा तास आळीपाळीनं चालवायचं. या खेळात गाडी पिटमध्ये, म्हणजे पेट्रोल-टायरच्या थांब्यावर, आली की पुढचा ड्रायव्हर त्या क्षणी सर्व्हरला जोडलेला असावा लागतो, नाहीतर बदल होत नाही. म्हणून पुणेकरानं शीट केलं होतं. कोण कधी, कोणता टायर, थंड टायरमध्ये किती हवा भरायची म्हणजे तापल्यावर ती 26-27 पीएसआयच्या मध्ये बसेल, सगळं रंगांत. माझा पहिला पाळा दुपारी दोन ते चार. उन्हात लाइन सहसा टिकते, म्हणून मीच मागून घेतलेला.

शुक्रवारी संध्याकाळी बाबांचा फोन वाजला. हडंबावाला. आमच्या तुरीचा नंबर लागला होता. उद्या, दुपारी.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, हडंबा म्हणजे मळणीयंत्र. तो एक, गाव मोठं, आणि तुरीच्या गंज्या सगळ्यांच्या एकदम उभ्या. सकाळी दव असतं, शेंग नरम असते, दाणा नीट सुटत नाही. तूर काढायची ती ऊन तापल्यावर. नंबर हुकला तर मशीन पुढच्या गावाला जातं आणि परत कधी येईल हे त्याच्या मालकालाही ठाऊक नसतं. पेंढ्या द्यायला माणसं लागतात. मजूर आयत्या वेळी मिळत नाहीत. घरात जवान माणूस एक.

मी हेडसेट लावला आणि टीमला सांगितलं, उद्या दोन ते चार मला जमणार नाही, हडंबा आहे.

"कोणता सर्व्हर?" पुणेकर म्हणाला.

"अरे, हडंबा. मशीन."

"तुझं मशीन गेलं? ग्राफिक्स कार्ड?"

नागपूरकराला अर्थ नक्की माहीत होता. त्याचा मामा वणीचा. पण तो गप्प बसून मजा घेत होता. कोल्हापूरकर म्हणाला, "आमच्याकडं ऊसतोड आली की असंच व्हतंय," आणि माझा पाळा घ्यायला तयार झाला. पण पुणेकराला कारण पटल्याशिवाय शीट बदलता येईना. मी तुरीचं ओलं-वाळलं समजावत होतो, तो विचारत होता की रात्री करता येत नाही का, एखाद्या दिवसानं पुढं ढकलता येत नाही का, मालकाशी बोलून बघितलंस का.

बाबा मागं उभे होते. त्यांनी माझ्या कानावरचा हेडसेट काढला, स्वतःच्या कानाला उलटा लावला आणि माइकमध्ये सांगितलं, "हॅलो. मी याचा बाप बोलून राह्यलो. पोट्टा उद्या पाचले येइन. तवरिक तुम्ही हाना. पाचनंतर तो तुमचा, रातीच्या बारापर्यंत. अन् खुर्चीमांगं लावाले नव्या तुरीची चुंगडी मीच आणतो, तिची काळजी करू नका. पण गाडी भित्तीले नोका लावू."

क्षणभर तिकडं काहीच नाही. मग पुणेकर म्हणाला, "हो काका."

रात्री मी शीट उघडून पाहिलं. माझ्या नावासमोर दुपारचे रकाने राखाडी केले होते आणि त्यांत लिहिलं होतं: हडंबा. खाली टीप होती, पाचनंतर वजनदार पोतं उपलब्ध, ब्रेक उशिरा घेता येईल.