अनिच्छा खरी, पण ती १९८१ पर्यंतच

राजीव गांधींविषयी एक मजकूर दरवर्षी मे महिन्यात हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : विमान चालवण्यात रमलेल्या एका सरळ माणसाला घराण्याने जबरदस्तीने सत्तेवर बसवले, भोवतालच्या मंडळींनी त्याला चुकवले, बोफोर्सने (स्वीडिश तोफांच्या खरेदीत लाच दिल्याच्या आरोपाने) त्याचा घात केला, जगला असता, तर तो राजकारण सोडून आपल्या विमानाकडे परतला असता. यातले पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे, आणि म्हणूनच त्याच्या आधाराने पुढची सगळी विधाने खपून जातात.

संजय गांधी २३ जून १९८० रोजी विमान अपघातात गेले, तेव्हा राजीव इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक होते. त्यांनी राजकारणात जाऊ नये असे सोनिया गांधींचे ठाम मत होते, आणि निर्णयाला जवळजवळ वर्ष लागले. इथवरची अनिच्छा कोणीही नाकारू नये. मात्र १९८१ मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन त्यांनी अमेठीची पोटनिवडणूक लढवली आणि ती दोन लाखांहून अधिक मतांनी जिंकली. त्यानंतरचे वर्तन संकोची पाहुण्याचे नव्हते. फेब्रुवारी १९८२ मध्ये, पक्षाचे सरचिटणीसपदही मिळालेले नसताना, त्यांनी हैदराबादच्या विमानतळावर आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री टी. अंजय्या यांचा चारचौघांत पाणउतारा केला. अंजय्यांचे पद त्याच महिन्यात गेले, पुढच्या महिन्यात एन. टी. रामाराव यांनी तेलुगू स्वाभिमानाच्या घोषणेवर तेलुगू देसमची स्थापना केली, आणि जानेवारी १९८३ मध्ये आंध्र काँग्रेसच्या हातून निसटले.

‘जबरदस्तीने बसवले’ हेही ३१ ऑक्टोबर १९८४ च्या घटनाक्रमाशी जुळत नाही. नेहरू आणि शास्त्री यांच्या निधनानंतर, म्हणजे १९६४ आणि १९६६ मध्ये, गुलझारीलाल नंदा यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून कारभार पाहिला होता व नव्या नेत्याची निवड नंतर झाली होती. हा पायंडा समोर असताना, संसदीय पक्षाने रीतसर नेता निवडण्याआधी, त्याच संध्याकाळी राजीव यांनी शपथ घेतली. त्या दिवशीच्या दुःखात आणि गोंधळात तो निर्णय समजण्याजोगा असेल. पण पंतप्रधानपद नाकारण्याचा मार्ग उपलब्धच नव्हता, असे म्हणता येत नाही.

भोवतालच्या मंडळींचा मुद्दा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चा आहे. अरुण नेहरू हे आप्त आणि अरुण सिंह हे शाळेपासूनचे मित्र. त्यांना सत्तेच्या जवळ आणले ते राजीव यांनीच. त्यांपैकी पहिले ऑक्टोबर १९८६ मध्ये मंत्रिमंडळाबाहेर गेले, दुसऱ्यांनी जुलै १९८७ मध्ये राजीनामा दिला. तरीही श्रीलंकेत भारताची शांतिसेना अधिकाधिक गुंतत गेली, आणि १९८८ मध्ये बदनामीविरोधी विधेयक आणून, वृत्तपत्रांचा रोष ओढवून घेऊन, ते मागे घ्यावे लागले. घटस्फोटित मुस्लिम महिलेला पोटगी देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या शाहबानो निकालावर उतारा म्हणून १९८६ मध्ये केलेला कायदाही याच पंतप्रधानांचा. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर १९८५ ते १९८८ या काळात वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव चव्हाण आणि शरद पवार असे चार मुख्यमंत्री झाले. मुंबईतल्या शताब्दी अधिवेशनात, डिसेंबर १९८५ मध्ये, सत्तेच्या दलालांवर कडाडून टीका करणाऱ्या पक्षाध्यक्ष राजीव यांच्या काळातही राज्यांचे नेते दिल्लीतूनच बदलले जात राहिले. (भाषण उत्तम होते, हे मान्य केलेच पाहिजे.)

बोफोर्सने घात केला, हे तारखांपुढे टिकत नाही. लाचेचा आरोप करणारे स्वीडिश रेडिओचे वृत्त १६ एप्रिल १९८७ चे आहे. त्याआधीच पंजाब आणि आसाममध्ये काँग्रेस हरली होती (या दोन राज्यांतल्या ज्या करारांचे श्रेय राजीव यांना न्याय्यपणे दिले जाते, त्यांच्यानंतरच्या या निवडणुका होत्या, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे), मार्च १९८७ मध्ये केरळही गेले होते. करचुकव्या उद्योगपतींवर छापे घालणाऱ्या विश्वनाथ प्रताप सिंह यांना जानेवारीतच अर्थखात्यातून संरक्षण खात्यात हलवण्यात आले होते, आणि त्यांनी दिलेला राजीनामा पाणबुडी व्यवहाराच्या चौकशीवरून होता. १,४३७ कोटी रुपयांच्या तोफांच्या व्यवहाराने आधीच पडलेल्या भेगेला नाव मिळवून दिले. राजीव यांच्यावरचा लाचेचा आरोप दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००४ मध्ये फेटाळला, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनी क्वचितच सांगितली. परंतु लोकसभेत ४०४ जागांवरून १९७ वर येण्याचे सारे खापर त्या एका व्यवहारावर फोडणारे समर्थकही तितकेच अपुरे सांगतात.

राहता राहिला विमानाकडे परतण्याचा मुद्दा. राजकारण सोडायचेच असते, तर १९८९ च्या पराभवाइतके सोयीचे निमित्त दुसरे नव्हते. राजीव विरोधी पक्षनेते झाले, नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांनी चंद्रशेखर यांच्या अल्पमतातील सरकारला बाहेरून पाठिंबा दिला, आणि अवघ्या चार महिन्यांत, आपल्या घराबाहेर पाळत ठेवणाऱ्या हरियाणाच्या दोन पोलिसांच्या निमित्ताने, त्या सरकारवर राजीनाम्याची पाळी आणली. त्यातून लोकसभेची मध्यावधी निवडणूक आली. २१ मे १९९१ च्या रात्री श्रीपेरंबुदूरला ते तिच्याच प्रचारासाठी गेले होते.