महाल-इतवारीतलं नेट: कंपनी बदलण्याआधी खांबापासून खोलीपर्यंतची वायर बघा

नागपूरचे महाल, इतवारी, जुनी शुक्रवारी, जुनी मंगळवारी, गांजाखेत, हंसापुरी. या भागात नेट सारखं बंद पडू लागलं की घरोघरी एकच उपाय निघतो: कंपनी बदला. नवीन माणूस येतो, नवीन डबा बसतो, दोन महिने बरे जातात आणि पुन्हा लाल लाईट. असं होणारच, कारण नवी वायरही त्याच खांबावरून, त्याच बोळातून आणि खिडकीच्या त्याच फटीतून आत आलेली असते. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या वस्तीतली लढाई कंपनीशी कमी आणि शेवटच्या चाळीस-पन्नास मीटरशी जास्त आहे. हे मीटर समजून घेतले तर निम्मा त्रास घरबसल्या कमी होतो, आणि उरलेल्यासाठी तक्रार नेमकी काय करायची ते कळतं.

आधी एक गोष्ट वेगळी काढा. नेट दिवसभर ठीक आणि फक्त रात्री ९ ते ११ मध्ये मंद होत असेल, तर तो बहुधा तुमच्या वायरचा दोष नाही. बहुतेक वेळा कंपनीने त्या भागात जेवढी क्षमता ठेवली त्यापेक्षा जास्त घरं जोडलेली असतात. अशा वेळी कंपनी बदलणं योग्यच. पण नेट दुपारी तुटत असेल, पाऊस आल्यावर तुटत असेल, वारा सुटल्यावर तुटत असेल, तर बिघाड बहुधा वायरमध्ये (किंवा उन्हाळ्यात तापलेल्या राउटरमध्ये) आहे आणि तो शोधता येतो.

आपल्याकडे वायरी हवेत का लटकतात? बोळ सहा-आठ फुटांचा, खाली नळाची लाईन आणि गडर, वर सिमेंटचा रस्ता. एकदा सिमेंट झालं की डक्ट (केबल घालायची नळी) ठेवलेला नसेल तर केबल खाली टाकायची सोय संपली. म्हणून सगळं विजेच्या खांबावर येतं. तिथे उन्हात केबलचं जॅकेट, म्हणजे वरचं आवरण, कडक होऊन तडकतं. जानेवारीत मांजा अडकतो, पोरं तो ओढतात आणि काचेच्या धारेने ते कापलं जातं. ती चीर जानेवारीत त्रास देत नाही. जूनमध्ये तिच्यातून पाणी शिरतं. तान्ह्या पोळ्याला मारबत-बडगे निघतात त्या वाटेवर खाली लोंबणारी वायर बांबूने उचलली जाते आणि ताण थेट घराशी असलेल्या जोडावर येतो. म्हणून वायर घरात शिरण्यापूर्वी भिंतीतल्या हुकाला क्लॅम्पने बांधलेली हवी. ताण हुकावर जायला हवा, आतल्या काचेच्या धाग्यावर (फायबरवर) नाही. नवीन जोडणी घेताना हा एक क्लॅम्प हट्टाने मागा.

आता तो खांबावरचा डबा खालून नीट बघा. बऱ्याच ठिकाणी झाकण उघडं लोंबत असतं. आत हिरव्या टोकांचे कनेक्टर, काहींच्या टोप्या गायब, दोन-तीन जोडांना काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, कोपऱ्यात मुंग्यांचं वारूळ. केबल वरून आत शिरलेली असेल तर पावसाचं पाणी तिच्याच अंगावरून डब्यात उतरतं. केबल खालच्या भोकातून, थोडा वळसा देऊन वर जायला हवी, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळून पडतं. एवढी साधी गोष्ट चुकते आणि अख्खी गल्ली पावसाळाभर भोगते. डबा तुम्ही स्वतः उघडू नका, खांबावर विजेचे तारही असतात. फोटो मात्र खालून नक्की काढा, पुढे कामी येतो.

फायबरमध्ये प्रकाश वाहतो आणि तो मोजता येतो, ही फार उपयोगाची गोष्ट आहे. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका (बहुतेक वेळा १९२.१६८.१.१, पत्ता आणि पासवर्ड डब्याखालच्या स्टिकरवर असतो) आणि ‘ऑप्टिकल’ किंवा ‘आरएक्स पॉवर’ असं पान शोधा. डीबीएम हे प्रकाशाचा जोर मोजायचं माप आहे, त्यातला फरक डीबीत सांगतात. वजा १५ ते वजा २३ डीबीएम दिसलं तर निश्चिंत राहा. वजा २५ म्हणजे कडेला आलात. वजा २७ ही बहुतेक घरगुती डब्यांची हद्द, तिच्यापलीकडे लाल लाईट लागणारच. प्रत्येक ३ डीबी घटीला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे वजा १९ चं वजा २५ झालं तर पूर्वीच्या चौथा हिस्साच प्रकाश येतो आहे.

हा प्रकाश जातो कुठे? अंतरात जवळजवळ नाही, एक किलोमीटर फायबरमध्ये अर्धा डीबीसुद्धा जात नाही. मोठी घट स्प्लिटरमध्ये होते. एकाच्या आठ वाटा करणारा स्प्लिटर दहा-साडेदहा डीबी खातो, आणि असे दोन एकामागे एक लावले की चौसष्ट घरं होतात. ती घट कंपनीने हिशेबात धरलेलीच असते. हिशेबात नसतात ते रस्त्यातले जोड. मशीनने वितळवून केलेला जोड ०.१ डीबीच्या आसपास घेतो. हाताने दाबून लावलेला फास्ट कनेक्टर चांगला बसला तर ०.३ ते ०.५ घेतो, घाईत लावला तर दोन-दोन डीबी. त्याच्या आत एक जेल असतं, ते आपल्या उन्हाळ्यात वाळतं. म्हणून तुटलेली वायर जोडायला माणूस आला की एकच प्रश्न विचारा, ‘दादा, मशीन आणलंय का?’ नसेल तर मधला जोड मारण्यापेक्षा खांबापासून घरापर्यंत नवीन अखंड तुकडा ओढून मागा. चाळीस मीटर ड्रॉप केबल ही काही मोठ्या खर्चाची बाब नाही.

हा आकडा पहाटे एकदा आणि दुपारी तीनला एकदा, असा चार दिवस लिहून ठेवा. दोन डीबीहून जास्त फरक पडत असेल तर कुठेतरी जोड सैल आहे किंवा केबल दाबली जाते आहे. असा कागद समोर ठेवल्यावर ‘राउटर रिस्टार्ट करा’ हे उत्तर कोणी देत नाही.

घराच्या आत दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, फायबरला विजेच्या वायरसारखं काटकोनात वळवणं आणि वर खिळा ठोकणं. साध्या फायबरचा वळसा तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान नको, वाकायला बनवलेल्या जातीचा एक सेंटिमीटर चालतो. कोणती जात आहे ते माहीत नसेल तर चहाच्या बशीएवढा गोल ठेवा. उरलेली वायर डब्यामागे कोंबू नका. दुसरी चूक कनेक्टरची. हिरव्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरवा निळ्यात बसतो, पण प्रकाश नीट जात नाही. मधल्या पांढऱ्या टोकाला बोट लावू नका, कुर्त्याने पुसू नका, आणि डोळ्यासमोर धरून आत बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला घातक ठरू शकतो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. घरगुती राउटर साधारण ४० ते ४५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) आपल्या टिनाच्या छताखालच्या माळ्यावर त्याहून कितीतरी जास्त तापतं. तिथे ठेवलेला डबा दुपारी आपोआप बंद-चालू होणारच. त्याला खाली आणा, कपाटातून बाहेर काढा, उभा ठेवा. डब्याच्या आधी बहुधा अडॅप्टर मरतो. १२ व्होल्टचा अडॅप्टर गरम होऊन थकला की लाईट दिसते, पण वाय-फायवर जोर आला की डबा रिस्टार्ट होतो. नवीन घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि पिन तीच. कूलरचा पंप आणि राउटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर नको.

कूलरचा आणखी एक परिणाम आहे. मोबाईलचा सिग्नल जाड भिंतीतून कमी आणि खिडकीतून जास्त येतो. एप्रिलमध्ये त्याच खिडकीत पत्र्याचा कूलर बसतो आणि वाट बंद होते. ‘उन्हाळ्यात टॉवरच येत नाही’ अशी ओरड असते तिथे आधी हे तपासा.

वाड्याच्या दीड-दोन फुटी विटा-चुन्याच्या भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय एका खोलीत संपतं. २.४ गिगाहर्ट्झ दुसऱ्या खोलीपर्यंत पोचतं, पण शेजारच्या दहा घरांचंही तिथेच भरलेलं असतं. चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. सागवानी पाटईचं (लाकडी फळ्यांच्या मजल्याचं) घर असेल तर एक फायदा घ्या. लाकूड फारसं अडवत नाही, म्हणून वरच्या माडीवर मधोमध ठेवलेला राउटर खालच्या ओसरीला चांगला पोचतो. स्लॅबच्या घरात उलट, सळयांमुळे मजला ओलांडताना सिग्नल पडतो.

एक्स्टेंडर (वाय-फाय पुढे पोचवणारा डबा) भिंतीपलीकडच्या मेलेल्या कोपऱ्यात लावून उपयोग नाही. तिथे मुळात सिग्नलच नसतो, तो पुढे काय देणार? खरा उपाय म्हणजे भिंतीला भोक पाडून कॅट-६ वायर (लॅनची नेटवर्क वायर) नेणं आणि दुसऱ्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा डबा) लावणं. वायर शुद्ध तांब्याची घ्या. तार खरवडल्यावर आतून पांढरट दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. टोकाचा क्रम: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि स्पीड कायम ९४-९५ वर अडकलेला असेल तर आठपैकी एखादी तार तुटली आहे किंवा नीट दाबली गेलेली नाही, असं बहुतेक वेळा निघतं. चार तारांवर १०० चीच जोडणी होते. प्लॅन वाढवून ते सुटत नाही.

फोनबद्दल. घरात कॉल तुटत असतील तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. सिमच्या सेटिंगमध्ये ते असतं, आणि सोबत व्होल्टी (४-जीवरून कॉल) ही चालू ठेवा, म्हणजे बोलत बोलत दारात आलात तरी कॉल तुटत नाही. ५-जीचा ३५०० मेगाहर्ट्झचा पट्टा जाड भिंतीत लवकर संपतो. फोन सारखा ५-जी-४-जी करत बसतो आणि बॅटरीही उतरते. आतल्या खोलीत फोन ४-जीवर ठेवलेला बरा. बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर लावू नका. परवानगीशिवाय ते बेकायदा आहेत, आणि एका दुकानातला बूस्टर आसपासच्या सगळ्यांचे कॉल बिघडवू शकतो.

घरात म्हातारी माणसं असतील तर हे नीट समजून घ्या. जुन्या तांब्याच्या लँडलाईनला एक्स्चेंजमधून वीज मिळायची, लाईट गेली तरी फोन चालायचा. फायबरवरच्या लँडलाईनला तुमच्या घरची वीज लागते. डबा बंद म्हणजे फोन बंद, ११२ सुद्धा लागणार नाही. फायबरचा डबा आणि राउटर मिळून साधारण १२ ते १५ वॅट घेतात. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असलेला छोटा यूपीएस काही तास काढतो. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाईनवर आहे का ते आजच बघा.

फायबरमध्ये वीज येत नाही म्हणून ते सुरक्षित, हे अर्धंच खरं. ड्रॉप केबलला आधारासाठी लोखंडी तार असते. ती घराबाहेरच कापून हुकाला बांधावी, आत आणू नये. गच्चीवरून उघड्यावर नेलेली लॅन वायर वळवाच्या कडकडाटात राउटर जाळू शकते, तेव्हा ती काढून ठेवा.

आणि दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं म्हणजे बॅकअप, हा समज सोडा. दोन्ही एकाच खांबावर असतील तर एक ट्रक दोन्ही तोडतो. काम अडत असेल तर दुसरी सोय हवेतून आलेली हवी: वेगळ्या कंपनीचं सिम, किंवा गच्चीवर बसणारं ५-जी युनिट.

तक्रार फोनवर करा, पण डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. दखल घेतली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय (दूरसंचार नियामक) एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, तिकडे वेळ घालवू नका. १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे. दूरसंचाराची तक्रार ग्राहक आयोगात चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. गल्लीत खोदकाम सुरू होणार असेल तर ‘कॉल बिफोर यू डिग’ ही सरकारी सोय २०२३ पासून आहे. कंत्राटदाराला विचारा की त्यात कळवलं का.

शेवटी गल्लीचं काम. पंधरा-वीस घरांनी मिळून एक अर्ज द्या: डब्याला झाकण, केबल खालून आत, प्रत्येक वायरला घराच्या नावाची चिठ्ठी, बंद पडलेल्या जुन्या वायरी उतरवून नेणं. चिठ्ठी नसते म्हणूनच एकाचं दुरुस्त करताना दुसऱ्याचं निघतं. सोबत डब्याचा फोटो आणि प्रत्येक घरचा डीबीएम आकडा लावा. वीस घरांपैकी अठरा घरांचा आकडा वजा २५ च्या पुढे असेल तर दोष डब्यात किंवा त्याच्या मागे आहे. दोनच घरांचा असेल तर त्या दोन वायरी बदलाव्या लागतील. हे सगळं मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून घ्या, जूनमध्ये माणूस मिळत नाही आणि ओल्या खांबावर कोणी चढतही नाही.