घरचा व्हायरस कसा सांभाळावा

गेल्या महिन्यात आमच्या संगणकात व्हायरस मुक्कामाला आला. तीनदा हाकलला, तीनदा परत आला. त्याची आम्ही ठेवलेली बडदास्त पाहून अधिक महिन्यातल्या जावयालाही हेवा वाटावा. तुमच्याही घरी तो असाच सुखाने नांदावा, म्हणून हे चार अनुभवाचे बोल.

आधी झेरॉक्सच्या दुकानात जा. मुलीच्या ॲडमिशनचे कागद छापायचे असतील, तर फक्त तेवढेच कागद नेण्याचा कोतेपणा करू नका. ज्या पेनड्राइव्हवर वडिलांच्या पंचाहत्तरीचे फोटो आहेत, तोच न्या. तिथल्या संगणकात अख्ख्या वॉर्डाचे पेनड्राइव्ह डोकं घालून जातात, आपला तेवढा सोवळ्यात का ठेवायचा?

घरी आल्यावर पेनड्राइव्ह उघडा. फोल्डरच्या चित्रावर खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटा बाण दिसेल, म्हणजे तो खरा फोल्डर नाही, नुसता शॉर्टकट आहे. दिसू दे. बिनधास्त डबल क्लिक करा. फोल्डर उघडतोसुद्धा, म्हणजे शंकेला जागाच नाही. मागच्या मागे एक स्क्रिप्ट, म्हणजे व्हायरसच्या हुकमांची फाइल, चालू झाली, एवढंच. पूर्वी पेनड्राइव्ह लावला की व्हायरस आपला आपण सुरू व्हायचा. २००९ साली विंडोज ७ ने ती सोय बंद केली, २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टा या जुन्या विंडोजवरही बंद झाली. तेव्हापासून तो बिचारा तुमच्या क्लिकवर अवलंबून आहे. एवढं तर कराल ना?

फाइलचं एक्स्टेन्शन, म्हणजे ती फोटो आहे की प्रोग्राम हे सांगणारं नावामागचं शेपूट, विंडोज मुळातच लपवून ठेवतं. राहू द्या तसंच.

अँटिव्हायरस एकाऐवजी दोन टाका. ते एकमेकांशी भांडत बसतील, पाहुण्याला कोणी हटकणार नाही.

बाण असलेले सगळे शॉर्टकट डिलीट करा. पाच सेकंदांत परत येतील. पुन्हा डिलीट करा. मी एक अख्खा रविवार असा घालवला. ती स्क्रिप्ट मेमरीत चालूच असते, संगणकासोबत सुरू होणाऱ्यांच्या यादीत (स्टार्टअप) आणि ठरल्या वेळी चालणाऱ्यांच्या यादीतही (टास्क शेड्युलर) नाव नोंदवून बसलेली असते, आणि जो पेनड्राइव्ह लावाल त्याला प्रसाद देते. टास्क मॅनेजर उघडून आधी तिला थांबवायचं, मग स्टार्टअपमधून काढायचं आणि पेनड्राइव्हला हात सगळ्यात शेवटी लावायचा, हा क्रम चुकूनही पाळू नका.

आणि शेवटी तज्ज्ञाला बोलवा. हा सल्ला सोन्याचा आहे. आमच्याकडे जो आला, त्याने स्क्रीनकडे पुरतं पाहिलंही नाही. "साहेब, डेटा करप्ट झालाय. फॉरमॅट मारावा लागेल." मी म्हटलं, अहो, फोल्डर दिसत नाहीत, पण प्रॉपर्टीजमध्ये अकरा जीबी भरलेलं दाखवतंय. तो हसला. आपण डॉक्टरला गूगलवर वाचलेलं सांगितलं की डॉक्टर हसतात ना, तसा. मारला फॉरमॅट. एवढ्यावर थांबला असता तरी बरं. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते. वर दुसरं काही लिहिलं नाही, तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच परत मिळू शकतं. पण याने "रिकामाच झालाय" म्हणत त्याच पेनड्राइव्हवर विंडोज चढवलं, त्यावरून संगणकात घातलं, ते विकत न घेता चालावं म्हणून आपल्या खिशातल्या दुसऱ्या पेनड्राइव्हमधून ॲक्टिव्हेटर टाकला, आणि तो अडू नये म्हणून डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद केला. परत चालू करायची तसदी घेतली नाही. आठशे रुपये. तिसऱ्या दिवशी पाहुणा हजर!

अहो, फायली तिथेच होत्या! जागच्या हलल्यासुद्धा नव्हत्या. या व्हायरसने त्यांना फक्त 'हिडन' आणि 'सिस्टीम' अशी दोन लेबलं चिकटवली होती. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'ॲट्रिब' या हुकमाची एक ओळ टाकली की ती निघतात. एक ओळ! हे ज्याला माहीत नाही त्याने दुसऱ्याच्या घरच्या फोटोंना हात का लावावा? ज्याला त्याला फॉरमॅट काय मारता? ताप आला म्हणून माणूस बदलता का?

आणि आपणही काही कमी नाही. माझ्यापासूनच सुरुवात. फोटोंची दुसरी प्रत कुठेच नव्हती. काही हजारांची हार्ड डिस्क घ्यायला जिवावर आलं, वडिलांच्या पंचाहत्तरीत जेवणावळीवर मात्र हात आखडला नव्हता. विंडोजमध्ये डिफेंडर फुकट असतो, त्याचा ऑफलाइन स्कॅन विंडोज सुरू होण्याआधीच तपासतो, पंधरा-वीस मिनिटांचं काम. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून सफाईची साधनं फुकट देतंय. फुकट! पण आपल्याला क्रॅक हवा, त्या ॲक्टिव्हेटरसारखा फुकट्यांचा जुगाड. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं तो क्रॅक स्वतःच सांगतो. चोर म्हणतो कुत्रा बांधा, आणि आपण साखळी शोधतो.

तेव्हा आज रात्री झोपायच्या आधी फोटोंची प्रत काढा आणि ती डिस्क संगणकाला लावून ठेवू नका, काढून कपाटात ठेवा. पासवर्ड बदलायचे असतील तर दुसऱ्या, साफ यंत्रावरून बदला. आणि तो बाणवाला पेनड्राइव्ह आता कुठेही लावू नका. मेव्हण्याच्या लॅपटॉपला तर नाहीच नाही. "बघू, तुझ्यात उघडतंय का" म्हणूनसुद्धा नाही.