ओट्यामागच्या काचेबद्दल आपण लिहिलेल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय लक्षपूर्वक वाचला. काच बसल्यानंतर मिक्सरसाठी नवा प्लग पॉइंट काढायचा होता, तेव्हा ‘दहा मिनिटांचे छिद्र’ पाडून देण्यास आम्ही नकार दिला, हा आपला मुख्य राग आहे. त्याशिवाय ओट्यावरही काचच हवी असताना आम्ही ग्रॅनाइटचा आग्रह धरला, भिंतीची पांढरी काच हिरवट दिसते आणि असेच काम दुसरीकडे निम्म्या दरात होत होते, असे आपण लिहिले आहे. नव्या घराचे स्वयंपाकघर लावणारी पुष्कळ मंडळी हे अभिप्राय वाचून निर्णय घेतात, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

आपल्या भिंतीवरची काच टफन केलेली आहे. साधी काच आधी हव्या त्या मापात कापून, कडा घासून, छिद्रे पाडून घेतात आणि मगच ती भट्टीत सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या जोरदार झोतांनी एकदम थंड करतात. बाहेरचा थर आधी आवळतो आणि आतला भाग मागाहून आकसू पाहतो, त्यामुळे पृष्ठभागावर कायमचा दाब आणि पोटात कायमचा ताण राहतो. टफन काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते ती याच रचनेमुळे, आणि भट्टीतून निघाल्यावर तिला ड्रिल किंवा कटर लावता येत नाही तेही याच रचनेमुळे. ड्रिल दाबाचा थर भेदून आत गेले की तो समतोल मोडतो आणि संपूर्ण काच एका क्षणात बारीक खड्यांसारख्या तुकड्यांत विखुरते. आमच्या कारागिराने नकार दिला तो यासाठीच. प्लगच्या जागा वायरमनकडून पक्क्या करून घ्याव्यात आणि मगच माप द्यावे, असे आम्ही प्रत्येक घरी सांगतो, आपल्याकडेही सांगितले होते आणि मापाच्या कागदावर दोन छिद्रांच्या जागा आपल्या संमतीनेच लिहिल्या होत्या.

निम्म्या दराबद्दल. आपल्याला दाखवलेली ती काच, आपण केलेल्या वर्णनावरून, लॅकर्ड काच असावी, म्हणजे मागून रंग दिलेली साधी काच. ती वाईट माल नाही; मी स्वतः ती कपाटांच्या दारांसाठी आणि शेगडीपासून दूर असलेल्या भिंतींसाठी विकतो. परंतु शेगडीच्या मागे ती बसवायला मी तयार होत नाही. साध्या काचेच्या दोन भागांच्या तापमानात सुमारे चाळीस अंशांचा फरक पडला तरी तिला तडा जाऊ शकतो, तर टफन काच जवळपास दोनशे अंशांचा फरक सोसते. तीन बर्नरच्या शेगडीवर मागच्या बाजूला मोठी कढई ठेवली की ज्वाळा तिच्या बुडावरून पसरून भिंतीकडे वळते; मागची काच मध्यभागी तापते आणि कडा गारच राहतात. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसवर जातो, आणि स्वयंपाकघर पश्चिमेला असेल, काच गडद रंगाची असेल व खिडकीतले ऊन तिच्या अर्ध्याच भागावर पडत असेल, तर शेगडी न पेटवताही तो फरक वाढत जातो. साधी काच फुटली तर तिचे लांब, सुरीसारखे तुकडे पडतात, आणि ते जिथे पडणार तिथे घरातली बाई उभी असते. या एका मुद्द्यावर मी दर कमी करण्यासाठी मागे सरकणार नाही.

टफन काच ओळखायची तर कोपऱ्यावर आयएसआयची न पुसली जाणारी खूण पाहावी; अशा काचेसाठी भारतीय मानक आयएस २५५३ (भाग १) हे आहे. आणि कोणी जागेवरच कटरने कापून बसवून देतो म्हणाला, तर ती काच टफन नाही, हे नक्की समजावे. टफन काचही क्वचित, आत राहून गेलेल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणामुळे, आपोआप फुटू शकते. हा धोका कमी करण्यासाठी कारखान्यात ‘हीट सोक’ चाचणी करून घेता येते. तिचा खर्च वेगळा असतो आणि तो मी आधीच सांगतो.

आता ओट्याविषयी. आपल्याला काचेचा ओटा मिळू नये अशी माझी इच्छा असण्याचे काही कारण नाही, कारण काचेच्या ओट्यात मला ग्रॅनाइटपेक्षा अधिकच पैसे मिळाले असते. ओट्यासाठी काच बारा ते एकोणीस मिलिमीटर जाड लागते. काचेचे वजन प्रति चौरस मीटर, प्रति मिलिमीटर अडीच किलो, म्हणजे एकोणीस मिलिमीटरच्या काचेचा एक चौरस मीटर सुमारे साडेसत्तेचाळीस किलो भरतो, आणि तो पेलणारी कपाटे तितकीच सपाट व पक्की लागतात. पण वजनाची सोय करता येते. ओरखड्यांची करता येत नाही. काच टफन केल्याने मजबूत होते, कठीण होत नाही. कठीणपणा मोजण्याच्या एक ते दहाच्या ‘मोह्स’ श्रेणीवर काचेचा कठीणपणा साडेपाचच्या आसपास आणि वाळूतल्या क्वार्ट्झचा सात आहे. आपल्याकडे ओट्यावर काय काय होते ते पाहावे: कुकर सरकवला जातो, पातेली ओढली जातात, खलबत्ता आपटला जातो, भाजीबरोबर माती येते आणि उघड्या खिडकीतून धूळ येते. पातेल्याच्या बुडाखाली वाळूचा एक कण अडकला तरी चरा उठतो, आणि चकचकीत गडद काचेवर तो दिव्याच्या उजेडात लांबूनही दिसतो. टफन काचेला पुन्हा घासून पॉलिश करणेही व्यवहार्य नाही. तिचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे तिची कड, आणि ओट्याची पुढची कड व सिंकच्या कापाचे कोपरे हीच तर भरलेला कुकर लागण्याची जागा. काळा ग्रॅनाइट, किंवा आपल्या आजीच्या वेळचा कडप्पाही, हे सगळे वर्षानुवर्षे सोसतो. जेवणाच्या बाजूला वेगळा, कोरडा, नाश्त्यापुरता कट्टा असेल तर तिथे मी काच आनंदाने बसवून देतो, आणि ती फार देखणी दिसते.

भिंतीवर मात्र काचेइतके योग्य काही नाही, असे माझे ठाम मत आहे. टाइल्सच्या सांध्यांमध्ये हळद आणि सावजी रश्श्याची तर्री मुरते, ती कितीही घासली तरी पूर्ण निघत नाही. अखंड काचेत काही मुरतच नाही. ओले फडके आणि नंतर कोरडे फडके पुरते. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे डाग मात्र वाळू देऊ नयेत, आणि तारेची घासणी काचेजवळ आणू नये.

हिरवटपणाचे कारण काचेच्या वाळूतले लोह आहे. साध्या क्लिअर काचेत ते थोडे असतेच, जाडीबरोबर छटा वाढते, आणि मागचा रंग पांढरा किंवा फिका असेल तर ती उघड दिसते. म्हणून पांढऱ्यासाठी कमी लोहाची ‘एक्स्ट्रा क्लिअर’ काच घ्यावी, आणि मरून, काळा किंवा गडद निळा रंग घेणाऱ्यांनी तो जादा खर्च करू नये, कारण तिथे फरक जाणवत नाही. आपल्याला दोन्ही नमुने दाखवले होते आणि आपण दर पाहून साधी क्लिअर निवडली, हे दरपत्रकावर नोंदलेले आहे. इतर ग्राहकांना माझी विनंती आहे की दुकानाच्या उजेडावर विश्वास न ठेवता नमुना घरी न्यावा, ओट्यामागच्या भिंतीला उभा टेकवावा आणि दिवसाच्या व दिव्याच्या अशा दोन्ही उजेडांत पाहावा.

आपल्या मिक्सरच्या पॉइंटसाठी दोन मार्ग आहेत. वरच्या कपाटाच्या तळाशी वायर पट्टीतून नेऊन तिथे बोर्ड बसवता येईल, त्यात काचेला हात लावावा लागत नाही आणि खर्चही अल्प आहे. किंवा भिंतीवरच्या दोन काचांच्या सांध्यापासून खिडकीपर्यंतचा लहान तुकडाच नवा करता येईल, आणि तसे ठरल्यास तो एक्स्ट्रा क्लिअरमध्ये करू नये, कारण शेजारच्या मोठ्या काचेशी छटा जुळणार नाही. नव्या तुकड्यासाठी काच आणि टफनिंगचा खर्च आपल्याला द्यावा लागेल; जुना तुकडा काढण्याची व नवा बसवण्याची मजुरी मी घेणार नाही. वायरमनने जागा पक्की करून भिंतीवर खूण केली की कळवावे, दुसऱ्या दिवशी कारागीर माप घ्यायला येईल.