'अभ्यास करून लिहा काका' या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

आर्क्टिकच्या गाळावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "दोन ठिकाणचा गाळ तपकिरी दिसला म्हणून तो एकाच काळातला ठरवायचा, हा अंदाजपंचे कारभार आहे. शिवाय आकडा चुकलाय, अझोला ओढूनताणून आणलाय, लेख लांबलाय. अभ्यास करून लिहा काका."

आकड्याचं मान्य. लोमोनोसोव्ह रिजवर, म्हणजे आर्क्टिक महासागराच्या तळावरच्या डोंगररांगेवर, २००४ साली घेतलेलं बोअर ४२८ मीटर गेलं, मी ४८२ लिहिलं. दुरुस्त केलंय, आभार. पण त्यासाठी 'काका' कशाला? तुमची माझी ओळख नाही, तुम्ही नावही दिलेलं नाही. शंका विचारायची एक रीत असते, ती पाळली असती तर मीही दोन ओळींत उत्तर दिलं असतं.

आता 'अंदाजपंचे'. नुसत्या रंगावर वय ठरतं असं मी कुठे लिहिलंय, दाखवा. आर्क्टिकच्या गाळात सूक्ष्मजीवांची चुनखडी कवचं फार कमी सापडतात. त्यामुळे इतर महासागरांत अशा कवचांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे हलक्या-जड अणूंवरून, वयाचा जो हिशेब लावतात, तो इथे सहज लागत नाही. म्हणून उबदार काळातले मँगॅनीजने तपकिरी झालेले थर आणि हिमयुगातले करडे थर बघावे लागतात.

पूर्वी इथल्या गाळात नोंदली गेलेली पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा पालटलेली दिसली, की ती सुमारे ७,८०,००० वर्षांपूर्वीची मोठी उलटापालट समजत. त्या हिशेबाने हजार वर्षांत गाळ साचायचा जेमतेम काही मिलिमीटर. १९९६ मध्ये ओडेन जहाजावरून याच रिजवरचा गाळ नळीत काढला. त्यातल्या तपकिरी-करड्या थरांची लय इतर महासागरांच्या नोंदींशी ताडून पाहिली, सूक्ष्म शैवालांच्या कवचांनी तिला दुजोरा दिला, आणि २००० साली कळलं की तो पालट बराच अलीकडचा, थोडक्या काळाचा होता. गाळ सेंटिमीटरच्या हिशेबाने साचतो! तुम्ही ज्या रंगाला अंदाजपंचे म्हणता, त्यानेच चुंबकाच्या आधारे केलेली चूक काढली.

आणि अभ्यासाचं म्हणाल, तर एकोणीस वर्षं मी काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांत बोअरचा चुरा हातात घेऊन थर जुळवलेत. एका बागेत दीडशे पावलांवर दोन बोअर होते. काळ्या दगडातला लाल मातीचा पट्टा एकात ९० फुटांवर, दुसऱ्यात १३० वर. मालक म्हणाले, पट्टा एकच आहे, उताराला गेलाय. मी दोन्हीचा चुरा चाळणीत धुतला. एका पट्ट्याखालच्या दगडात झिओलाइट या खनिजाचे पांढरे कण भरलेले, दुसऱ्याखाली सलग काळाभोर दगड. पट्टे दोन निघाले. रंगाला भुलू नये हे मी त्या चाळणीपाशी शिकलोय, मला ते तुमच्याकडून ऐकायचं नाही.

बाकीच्यात पडत नाही. लेख लांब वाटला तर सोडून द्या. आपल्याकडे गाईम्हशींना घालतात त्या अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीचेच भाऊबंद ४.९ कोटी वर्षांपूर्वी आर्क्टिकच्या पाण्यावर पसरले होते, यात ओढूनताणून काय आहे ते मला खरंच कळलेलं नाही.

धुतलेल्या चुऱ्याची ती दोन पाकिटं अजून माझ्या कपाटात आहेत. नागपुरात असाल तर महाल भागात घरी या, भिंगाखाली दाखवतो. येताना नाव सांगा.