एका कन्सोलवर एकच बेट

‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ या बेट वसवण्याच्या व्हिडिओ गेमवरच्या एका लेखात म्हटलंय, ‘घरात दोन मुलं असतील तर एका खेळासाठी स्विच घेणंही परवडतं’. स्विच म्हणजे हा गेम ज्यावर चालतो तो निन्टेन्डोचा कन्सोल. ते वाक्य अर्धंच खरं आहे. या खेळात एका कन्सोलवर एकच बेट मिळतं, खेळाची दुसरी प्रत आणली तरीही. त्या बेटावर आठ जण आपापली घरं बांधू शकतात, पण पूल कुठे घालायचा, दुकान कुठे उभं करायचं, हे पहिल्यांदा खेळ सुरू करणाराच ठरवतो. पैसे मोजण्याआधी हे कळायलाच हवं. आमच्याकडे थोरलीने सुरुवात केली. धाकटीला नदीपलीकडे पूल हवा होता, तर दरवेळी ताईची मनधरणी. शेवटी नदीकाठचा सगळा भाग तिच्या नावावर केला, तेव्हा दोघी रमल्या.

‘महिनाभरात कंटाळा येतो’ हे मात्र अजिबात पटलं नाही. हा खेळ खऱ्या घड्याळावर चालतो. आज खेळातले पैसे भरले की पूल उद्या तयार, दुकान रात्री १० ला बंद. सुरुवातीला बेटासाठी उत्तर गोलार्ध निवडला असेल तर १ ते १० एप्रिल झाडं गुलाबी होतात. गेल्या वर्षी धाकटी परीक्षेचा अभ्यास आटोपून रोज वीस मिनिटं जाळीने उडत्या पाकळ्या पकडत होती. आमचे पैसे तिथेच वसूल झाले.